पंधरा बिटांची पेटी, चाळीस चौरंग: स्वस्त राउटर बिटाची खरी किंमत

डिचोली तालुक्यातलं तीन माणसांचं सुतारकामाचं वर्कशॉप, जुलैचा महिना. चवथीच्या आधीच्या दोन महिन्यांत गोव्यात मखर, माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) चौकट, पाट, चौरंग ही कामं एकदम अंगावर येतात आणि त्यांची तारीख कोणालाच सरकवता येत नाही. इथली ऑर्डर ४० चौरंगांची. फणसाचं लाकूड, वरची फळी ४५० × ४५० मिमी, जाडी २२ मिमी, कोपरे गोलसर, वरच्या कडेला ओजी, म्हणजे एस-सारख्या वळणाची, नक्षी, खालच्या कडेला ६ मिमीची गोलाई. शिवाय एका फ्लॅटच्या स्वयंपाकघराचं काम चालू होतं: १८ मिमी प्लायची शटर, त्यांवर लॅमिनेट, आणि खणांच्या तळाच्या ६ मिमी प्लायसाठी खाचा.

मशिनं दोन, दोन्ही राउटर: वेगाने फिरणाऱ्या बिटाच्या पात्यांनी लाकडाची कड किंवा खाच कापणारी. एक ट्रिमर, पाव इंची म्हणजे ६.३५ मिमी कोलेटचा (बिट धरणाऱ्या पकडीचा), वेग कायम ३०,००० फेरे मिनिटाला, कमीजास्त करायची सोय नाही. दुसरा १२ मिमी कोलेटचा प्लंज राउटर, टेबलाखाली उलटा बसवलेला, वेगाच्या चाकासह.

बिटांसाठी पर्याय दोन होते. ऑनलाइन मिळणारी १५ बिटांची पाव इंची पेटी ₹१,४५० ला. किंवा सुटे चांगले बिट: ओजी ₹९५०, बेअरिंगवाला फ्लश ट्रिम (नमुन्याच्या फर्म्याबरोबर कड कापणारा) ₹७००, गोलाईचा ₹७५०, ६ मिमी सरळ ₹३५०, एकूण ₹२,७५०. पेटी घेतली गेली. ती घेणं चूक होतं का, याचं उत्तर बिटागणिक वेगळं निघालं.

एक खुलासा इथेच. हे कोणा एका दुकानाचं किंवा कंपनीचं परीक्षण नाही. अशा वर्कशॉपांत वारंवार दिसणारी परिस्थिती एका प्रकरणात गुंफली आहे, आणि दर, मीटर, मिनिटं हिशेब कळावा म्हणून गोल धरली आहेत. आपला रोज आणि आपलं लाकूड घालून तो परत मांडता येतो.

पेटीवर काय लिहिलं होतं

झाकणावर “इंडस्ट्रियल”, “प्रोफेशनल” आणि “वायजी ८” असे तीन शब्द. पहिले दोन सोडून द्यावेत. वायजी ८ हे पात्याच्या कार्बाइडच्या दर्जाचं चिनी नाव आहे: टंगस्टन कार्बाइडचे कण आणि त्यांना बांधून ठेवणारा ८ टक्के कोबाल्ट. ही माहिती खोटी असेलच असं नाही, पण ती अर्धी आहे. धार किती टिकेल हे कणांच्या आकारावर फार अवलंबून असतं, आणि नुसत्या ८ या आकड्यावरून तो कळत नाही. बारीक कणांच्या प्रतीला वेगळं अक्षर लावतात, जसं वायजी ६ एक्स. कोबाल्ट जास्त असेल तर पातं धक्का सोसतं पण लवकर झिजतं. कण बारीक असतील तर धार मुळातच अधिक तीक्ष्ण लावता येते.

जे लिहायला हवं होतं ते नव्हतं: प्रत्येक बिटाचा कमाल वेग. ईएन ८४७-१ या युरोपियन मानकाप्रमाणे बनवलेल्या बिटावर कमाल फेरे आणि हाताने लाकूड सरकवण्यासाठी योग्य असल्याची “मॅन” ही खूण कोरलेली असते. तशा बिटाचं अंगच असं घडवलेलं असतं की एका पात्याला फार खोल घास घेता येत नाही. पेटीतले बिट नुसते लाल रंगवलेले होते. रंगाला काही किंमत नाही. उलट जाड रंगाखाली झाळणीतली (पातं बिटाच्या अंगाला जोडणाऱ्या धातूतली) भोकं झाकली जातात, म्हणून झाळणीजवळचा रंग थिनरने पुसूनच बिट तपासावा.

आणखी एक ओळ होती: “६ मिमी आणि १/४ इंच, दोन्हीला चालेल.” चालत नाही. ६.३५ चा शँक (बिटाचा दांडा) ६ च्या कोलेटमध्ये शिरतच नाही, आणि ६ चा शँक ६.३५ च्या कोलेटमध्ये घट्ट झाल्यासारखा वाटतो तरी कापताना सरकतो. दुसरी चूक जास्त धोक्याची, कारण ती पिळताना हाताला कळत नाही. १२ आणि १२.७ मिमीच्या जोडीचंही हेच.

कापण्याआधीची तपासणी

परत पाठवायची मुदत संपायच्या आत आणि एकही काप घ्यायच्या आधी मापांची आणि भिंगाची तपासणी उरकावी लागते, कारण लाकडाला लागलेला बिट दुकानदार वापरलेला धरतो; कापून बघायच्या चाचण्या त्यानंतर. लागणाऱ्या वस्तू: ०.०१ मिमी वाचणारा मायक्रोमीटर, १० पटीचं भिंग, मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल गेज, एक मार्कर. व्हर्नियरवर काम भागतं असं म्हणतात, पण बहुतेक व्हर्नियर ०.०२ वाचतात आणि इथला वाद त्याहून फार मोठा नसतो.

शँक प्रत्येकी तीन जागी मोजला: वर, मधे, टोकाला. ६.३५ च्या शँकला एच ७ ही मापातल्या फरकाची चांगली मर्यादा धरली तर तो ६.३३५ ते ६.३५० मध्ये असायला हवा. अकरा बिट त्यात बसले. दोन ६.३१ भरले. १९ मिमी सरळ बिटाचा शँक ६.२८ होता, आणि डव्हटेल बिटाचा वर ६.३४, टोकाला ६.२९, म्हणजे निमुळता. ६.३१ चे दोन हलक्या कामाला ठेवण्यासारखे होते, कारण चिरा पाडलेला कोलेट तेवढा आवळला जातो. निमुळता शँक मात्र कुठल्याच कोलेटमध्ये पूर्ण लांबीभर धरला जात नाही. तो एका कड्यावर अडकतो आणि टोक मोकळं थरथरत राहतं.

शँक सरकतोय का हे पाहायची सोपी रीत: शँक आणि कोलेट दोन्ही थिनरने पुसायचे, बिट पूर्ण आत घालून २-३ मिमी मागे ओढायचा, पिळायचा, आणि कोलेटच्या तोंडाशी शँकवर मार्करची रेघ मारायची. मीटरभर काप घेऊन रेघ बघायची. रेघ कोलेटपासून लांब गेली असेल तर बिट बाहेर येतोय. खाच एका टोकाला ८ मिमी आणि दुसऱ्या टोकाला साडेनऊ निघाली तर माणसं आधी प्लंजच्या लॉकला दोष देतात. नव्वद टक्के वेळा, असा आकडा सांगायचा मोह होतो, पण तो कोणी मोजलेला नाही. आधी रेघ बघावी एवढंच. मागे २-३ मिमी ओढायचं कारणही हेच: बिट कोलेटच्या तळाला टेकला असेल तर आवळताना खाली जायला जागा राहत नाही आणि पकड खोटी बसते. पात्याच्या मुळाशी शँकला जी गोलसर वळण असते ती कोलेटमध्ये शिरू द्यायची नाही.

आता पाती. स्वस्त बिटाचं खरं दुखणं इथे असतं. बिटाला दोन पाती असली तरी दोन्ही कापतातच असं नाही. मशिनची वायर काढून, डायल गेजचं टोक पात्याच्या धारेवर टेकवून, बिट हाताने उलटा फिरवायचा. सुलट फिरवला तर धार गेजच्या टोकात रुतते. दोन्ही पात्यांचा सर्वांत उंच आकडा टिपायचा. पेटीतल्या ६ मिमी सरळ बिटाला फरक ०.०३ मिमी आला, ओजीला ०.१४.

०.१४ हा आकडा छोटा वाटतो. तो मोठा का, हे एका भागाकाराने कळतं. ट्रिमरचे ३०,००० फेरे, पाती दोन, म्हणजे मिनिटाला ६०,००० घास. हात मिनिटाला ३ मीटर वेगाने पुढे गेला तर एका घासाची जाडी ३,००० मिमी भागिले ६०,०००, म्हणजे ०.०५ मिमी. बुटकं पातं ०.१४ ने मागे असेल तर उंच पातं त्याच्या वाटणीचं लाकूड आधीच घेऊन गेलेलं असतं आणि बुटक्याला काहीच मिळत नाही. टेबलाच्या राउटरवर १८,००० फेरे केले तरी घास ०.०८३ पर्यंतच जातो. बुटकं पातं लाकडाला लागायला मिनिटाला ५ मीटरच्या वर वेग लागेल, जो गोल कोपऱ्यावर कोणी ठेवू शकत नाही. पैसे दोन पात्यांचे, काम एकाचं, आणि त्या एकाची झीज दुप्पट.

गेजला दिसणारा फरक बिटाचाच आहे याची खात्रीही करावी लागते. शँकवर गेज लावून फिरवलं आणि तिथेच ०.०५ च्या वर डोल दिसला तर कोलेट मळलेला किंवा झिजलेला आहे. कोलेट साफ करून, माहितीतला चांगला बिट लावून आधी मशिनला क्लीन चिट द्यावी. पाव इंची बिट १२ मिमीच्या कोलेटमध्ये बसवायची बाही वापरली असेल तर तिचाही वाटा त्यात मिसळतो.

भिंगाखाली तीन गोष्टी. धार सरळ रेघ दिसते की करवतीसारखी दातेरी: दातेरी असेल तर धार लावायचा दगड खरखरीत होता, आणि त्या खोबणींपासूनच पुढे टवके उडतात. झाळणीची रेघ सलग आहे की मधे काळी भोकं आहेत: भोकाच्या जागी पातं अधांतरी असतं. आणि कार्बाइडची जाडी. पेटीतल्या बिटांना ती १.२ मिमीच्या आसपास होती. चांगल्या बिटांना २ मिमी किंवा जास्त मिळते. ही जाडी ताकदीपेक्षा आयुष्याची आहे, कारण धार पुन्हा लावताना दर वेळी त्यातूनच जाते.

धारेच्या मागच्या बाजूला पुरेसा उतार आहे का हे डोळ्यांना कळणं कठीण. तिथे मार्कर फासायचा, अर्धा मीटर कापायचं आणि बघायचं. धारेमागची शाई घासून गेली असेल तर पात्याची टाच लाकडावर घासते आहे. असा बिट नवा असतानाही जाळतो आणि त्याला कुठल्याही दगडावर घासून फायदा नाही.

बेअरिंगवाल्या फ्लश ट्रिम बिटाचं बेअरिंग १२.७० मिमी भरलं, पाती मिळून बिट १२.५२. फरकाचा अर्धा, म्हणजे ०.०९ मिमी लाकूड फर्म्याच्या बाहेर राहणार. चौरंगाला याने काही बिघडत नाही, कारण त्या कडेवर पुढे ओजी फिरणारच आहे. लॅमिनेटला मात्र ती कड नखाला लागते आणि प्रत्येक शटरवर कानस मारावी लागते. एकच बिट एका कामाला चांगला आणि दुसऱ्याला वाईट असू शकतो, आणि “बिट कसा आहे” या प्रश्नाला कामाशिवाय उत्तर नसतं.

सरळ बिटांत अजून एक खोच. पेटी इंचात घडवलेली, प्लाय मिलिमीटरात. “६ मिमी” म्हणून आलेला बिट ६.३५ ची खाच पाडतो, आणि ६ मिमी प्लाय प्रत्यक्षात बऱ्याचदा ६ हून बारीकच भरतो. खणाचा तळ वाजतो. इथे एकच उपाय होता, ६ चा सुटा बिट किंवा त्याहून बारीक बिटाने दोन फेऱ्या. या कामापुरता ₹३५० चा सुटा बिट आणलाच गेला.

तपासणीअंती १९ मिमी सरळ आणि डव्हटेल हे दोन बाद. विक्रेता सुटे बिट बदलत नव्हता, पेटीच परत करावी लागली असती, आणि चवथ जवळ होती. पेटी ठेवली.

कामावर

क्रम असा होता. जिगसॉने फर्म्याच्या २ मिमी बाहेरून फळी कापायची, फ्लश ट्रिमने फर्म्याबरोबर करायची, टेबलावर ओजी, शेवटी ट्रिमरने खालची गोलाई. एका फळीची कड १.८ मीटर, ४० फळ्यांची ७२ मीटर. ओजी एका फेरीत घ्यायची नाही. इथे तीन फेऱ्या: ४ मिमी, ३ मिमी आणि शेवटची १ मिमीची. आधी तंतूंच्या आडव्या दोन बाजू, मग उभ्या. आडव्या बाजूच्या शेवटी जो टवका उडतो तो उभ्या बाजूची फेरी खाऊन टाकते. टेबलावर लाकूड उजवीकडून डावीकडे, हातात मशिन असेल तर बाहेरच्या कडेला घड्याळाच्या उलट्या दिशेने.

पहिल्याच फळ्यांवर कडा केसाळ निघाल्या. बिटाला शिव्या बसल्या. पण शिवी देण्याआधी दुसरा, चांगला म्हणून माहीत असलेला बिट त्याच फळीवर चालवून पाहणं हा या धंद्यातला सर्वांत स्वस्त प्रयोग आहे, आणि तो केल्यावर कड तशीच केसाळ आली. दोष लाकडाचा होता. पावसात उघड्या पडवीत ठेवलेल्या फणसाची ओल मीटरवर १८ टक्क्यांच्या वर गेली होती. ओले तंतू तुटायच्या ऐवजी वाकतात आणि पातं पुढे गेलं की परत उभे राहतात. फळ्या आत घेऊन, मधे पट्ट्या देऊन, पंख्याखाली रचल्या आणि ओल १४ पर्यंत आल्यावर केसाळपणा जवळपास गेला. पावसाळ्यात गोव्यात बिट तपासायचा असेल तर ओलीचा मीटर हा तपासणीचाच भाग धरावा. नाहीतर चांगला बिट बाद होईल आणि वाईट बिटाला लाकडाचा आडोसा मिळेल.

जळण्याचा प्रकार वेगळा. सोळाव्या फळीनंतर, म्हणजे जवळपास ३० मीटर कापल्यावर, ओजीच्या आतल्या वळणात तपकिरी पट्टा दिसू लागला. जळायची कारणं चार: हात फार सावकाश, वेग फार जास्त, पात्यावर चीक, किंवा धार गेलेली. फणसाचा चीक पात्यावर काळा थर धरतो आणि थर धरलेली धार बोथट असल्यासारखी वागते. म्हणून आधी बिट काढून टर्पेंटाइनमध्ये भिजवला आणि पितळी ब्रशने घासला. बेअरिंग आधी उतरवून ठेवायचं, नाहीतर आतलं ग्रीस विरघळून जातं. कॉस्टिकसारखे जहाल द्रव टाळावेत, ते कोबाल्टवर हल्ला करतात. साफ केल्यावर पट्टा तीन फळ्यांपुरता फिका झाला आणि परत आला. भिंगाखाली उंच पात्याच्या धारेवर चमकणारी पांढरी रेघ होती. तीक्ष्ण धार प्रकाश परतवत नाही. धार चमकली की ती गोल झालेली असते. बुटक्या पात्याची धार मात्र नव्यासारखी, काळी.

फ्लश ट्रिम पंचविसाव्या फळीच्या आसपास अडला. बेअरिंगला रबरी सील नव्हतं, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पातळ चकत्या होत्या. बारीक भुसा आत गेला, ग्रीसशी कालवला आणि बेअरिंग जाम झालं. जाम बेअरिंग बिटाबरोबर ३०,००० फेऱ्यांनी फिरतं आणि फर्म्याची कड जाळतं. एमडीएफच्या फर्म्याला त्याने काळी खोबण पाडली, आणि फर्म्यातली खोबण पुढच्या प्रत्येक फळीवर छापली जाते, हे नुकसान बिटाच्या किमतीत कधीच धरलं जात नाही. बेअरिंग धरणारा बारीक ॲलन स्क्रूही सैल झाला होता. बेअरिंग चालू कामात निघून गेलं तर पात्याला अडवणारं काहीच उरत नाही आणि ते थेट फळीत घुसतं. म्हणून बेअरिंगवाल्या कुठल्याही नव्या बिटाचा स्क्रू एकदा काढून, पुसून, मध्यम ताकदीचं निळं लॉकिंग द्रव्य लावून बसवावा. स्वस्त बिटाला सक्तीने.

बेअरिंग मात्र बदलता येतं. या बिटाचं भोक ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी आणि बाहेरचा व्यास १२.७ होता. हे आर ३ मापाचं बेअरिंग, सील असलेलं घेतलं तर शंभर रुपयांच्या आत मिळतं. भोक, व्यास आणि जाडी तिन्ही मोजूनच मागवावं, कारण १२.७ व्यासात दुसऱ्या भोकाचीही बेअरिंग असतात. नवं बेअरिंग बसवून फ्लश ट्रिमने उरलेल्या फळ्या पुऱ्या केल्या.

प्लायवर दुसरीच झीज दिसली. फिनॉलिक गोंदाच्या रेषा लाकडापेक्षा कडक असतात आणि प्रत्येक शटरवर त्या पात्याच्या त्याच जागेला भिडतात. काही शटरनंतर पात्यावर समांतर खाचा पडतात आणि कडेवर तितक्याच बारीक रेषा उमटतात. बिट २-३ मिमी वर किंवा खाली सरकवला की पात्याचा ताजा भाग कामाला येतो. २५ मिमी लांबीचं पातं १८ मिमी प्लायला वापरताना हे एक-दोनदा करता येतं. स्वस्त आणि महाग दोघांनाही ही झीज होते, फक्त महागाला उशिरा.

बाद केलेल्या १९ मिमी बिटाबद्दल मेस्ताचं, म्हणजे सुताराचं, म्हणणं होतं की सावकाश वापरू. नको. गोल दांड्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे आणि ताठपणा चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. ६.३५ ऐवजी ८ मिमीचा शँक म्हणजे ताकद दुप्पट, ताठपणा अडीच पट. १२ मिमी म्हणजे ताकद सुमारे पावणेसात पट आणि ताठपणा बारा पटींच्या वर. १९ मिमीच्या डोक्याखाली ६.२८ चा बारीक दांडा ३०,००० फेऱ्यांवर ठेवायला कुठलंच कारण पुरेसं नाही. मोठ्या बिटांना तर वेग उतरवलाच पाहिजे. २५ मिमी व्यासापर्यंत २४,०००, ५० पर्यंत १८,०००, ६३ पर्यंत १६,०००, ७५ च्या वर १२,००० किंवा कमी, असं साधारण चालतं. पॅनेलला उतार देणारा मोठा बिट वेग न बदलणाऱ्या ट्रिमरवर लावायचाच नाही.

हिशेब

पेटीचा हिशेब सगळे एकाच चुकीने करतात: ₹१,४५० भागिले १५, म्हणजे ₹९७ ला एक बिट. या वर्कशॉपात वर्षभरात पाचच बिट खरोखर फिरणार होते. तेव्हा एक बिट ₹२९० ला पडला.

आता ओजी. पहिल्या १६ फळ्यांना कडेची घासाई फळीमागे ६ मिनिटं. धार गेल्यावर जळका पट्टा काढायला १२० चा पॉलिश पेपर गुंडाळून वळणात फिरवावा लागला, फळीमागे १८ मिनिटं. २४ फळ्या, जादा १२ मिनिटं, एकूण २८८ मिनिटं. रोज ₹१,००० आणि आठ तासांचा दिवस धरला तर तास ₹१२५ चा. म्हणजे घासाईचेच ₹६००, वर पेपरचे ₹१२०. बिटाचे ₹२९० मिळवले की ₹१,०१०. सुटा ओजी ₹९५० चा होता. त्यावर ७२ मीटर सरळ निघाले असते आणि तो पुढच्या कामालाही उरला असता.

एवढ्यावर पेटी वाईट ठरत नाही. व्ही बिटाने दोन कपाटांच्या दारांवर मिळून १२ मीटर रेषा मारल्या, रेषा स्वच्छ आल्या. चॅम्फरचा (तिरकी कड काढणारा) बिट, लहान अर्धगोल खाचेचा बिट आणि पाव इंची गोलाई, तिघेही पात्यांच्या फरकात ०.०५ च्या आत होते. गोलाईच्या बिटाने सगळे ७२ मीटर पुरे केले. त्याचं डोकं लहान, आकार सोपा, आणि घास थोडा. हेच बिट सुटे चांगल्यातले घ्यायचे तर चौघांचे ₹२,००० च्या वर गेले असते, आणि त्यातल्या तिघांना वर्षात काही मीटरांपेक्षा जास्त काम नव्हतं.

फ्लश ट्रिमचं प्रकरण मधलं. बेअरिंगचा खर्च, जळलेला एक फर्मा आणि तो नवा काढायला गेलेला तास-दीड तास मिळवला तर सुट्या बिटाशी फार अंतर उरत नाही. लॅमिनेटचं काम असेल तर सुटाच घ्यावा.

सुटा बिट घ्यायचा तर म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या हार्डवेअर दुकानात काउंटरवर उभं राहून घेण्यात एक फायदा आहे जो ऑनलाइन नाही: एकाच मापाचे चार-पाच बिट समोर मांडून भिंगाखाली घालता येतात. एकाच कंपनीच्या, एकाच डब्यातल्या बिटांतही झाळणी आणि धार सारखी नसते. मायक्रोमीटर काढला की काही दुकानदार कंटाळतात. कंटाळू द्यावं.

पेटीचं पुढे काय

ओजीवर डायमंड कार्ड (हिऱ्याची पूड बसवलेली धारेची पट्टी) चालवून पाहता येतं. आधी बिट स्वच्छ, बेअरिंग उतरवलेलं, कार्डावर थोडं पाणी. पात्याची फक्त सपाट आतली बाजू घासायची, ४०० वर आणि मग ६०० वर, दोन्ही पात्यांना मोजून तेवढेच हात, दहा-दहा. बाहेरच्या वळणाला कार्ड लावलं की नक्षीचा आकार गेला. १.२ मिमी कार्बाइडवर हे एक-दोनदा जमतं. पण घासण्याने पात्यांमधला ०.१४ चा फरक भरून निघत नाही, म्हणून हा ओजी धार लावूनही एकाच पात्याने कापणार. तो मऊ लाकडाच्या नमुन्यांपुरता ठेवला. बाद केलेले दोन बिट पक्कडीने वाकवून भंगारात टाकले, कारण खणात पडलेला बाद बिट घाईच्या दिवशी कोणीतरी लावतोच.

पेटीच्या आतला फोम काढून टाकला. कोकणपट्टीच्या पावसात फोम ओल धरून ठेवतो आणि शँकवर ठिपक्यांनी गंज चढतो. गंजलेला शँक कोलेटमध्ये नीट बसत नाही, आणि काढताना कोलेटलाही ओरखडे पाडतो. प्लायच्या ठोकळ्याला ६.५ मिमीची भोकं पाडून त्यात बिट उभे ठेवले, शँकवर मशिन ऑइलचा हात, डब्यात सिलिका जेलची पुडी. वापरायच्या आधी ते तेल थिनरने पुसायचं, तेलकट शँक सरकतो. ठोकळ्यावर प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलने तीन आकडे लिहिले आहेत: शँकचं माप, पात्यांमधला फरक, आणि आजवर कापलेले मीटर. पुढची ओजी १२ मिमी शँकची, टेबलासाठी, मे महिन्यातच मागवायची आहे, म्हणजे तपासून परत पाठवायला हातात दिवस राहतील.